इसार देण्याआधी वकील गाठा: घराच्या खरेदी-विक्रीबद्दल वाचकांचे प्रश्न

कापसाचे पैसे हाती आले की खानदेशात घर-प्लॉटांचे सौदे सुरू होतात, ते आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) मुहूर्तापर्यंत चालतात. या दिवसांत आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत एक विचारणा हमखास असते: वकील करायचा का, कोणता करायचा आणि केव्हा करायचा? त्यातल्या निवडक पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत.

पिंप्राळा भागात जुनं बैठं घर घेतोय. एजंट म्हणतो, वकिलाची गरज नाही, रजिस्टर ऑफिसबाहेर आमचा नेहमीचा बाँड रायटर आहे, तो सगळं करून देतो. मुंबईचा भाचा सॉलिसिटर लावा म्हणतो. कोणाचं ऐकू? (एक वाचक, जळगाव)

सॉलिसिटर फर्म ही मुंबईतली पद्धत. आपल्याकडे दिवाणी आणि महसुली कामं करणारा सनदधारक वकील हेच काम करतो, त्यामुळे भाच्याचा सल्ला त्या अर्थानं बरोबरच आहे.

बाँड रायटर म्हणजे दस्तलेखक. त्याचं काम दस्त लिहिण्याचं. तुम्ही सांगाल ती नावं, ती रक्कम, ती चतुःसीमा तो नीट मांडतो, चलन भरतो, टोकन काढतो. लिहून देणाऱ्याला घर विकण्याचा हक्क आहे की नाही हे तपासणं त्याच्याकडे नसतं. दुय्यम निबंधकही मालकी तपासून शिक्का मारत नाही. तो दस्त, मुद्रांक शुल्क, ओळखदार आणि सही-अंगठा पाहतो. म्हणून 'रजिस्टर झालं म्हणजे पक्कं झालं' असं समजू नका. ज्याचा हक्कच नाही त्यानं रजिस्टर खरेदीखत करून दिलं, तरी तुमच्या पदरात हक्क पडत नाही.

तेव्हा आधी तुमचा वकील, मग इसार (सौदा ठरवताना द्यायची आगाऊ रक्कम), मग दस्तलेखक. दस्ताचा मसुदा वकिलानं केला आणि टायपिंग-नोंदणीचं काम दस्तलेखकानं केलं तर काही बिघडत नाही, खर्चही आटोक्यात राहतो. एजंटानं सुचवलेला वकील मात्र घेऊ नका. सौदा मोडला तर एजंटाची दलाली जाते आणि त्या वकिलाला पुढचं काम त्याच एजंटाकडून मिळायचं असतं.

मुहूर्तासाठी इसार द्यायचाच झाला तर तो चेकनं द्या. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणं आयकर कायद्याला चालत नाही. पावतीत एक वाक्य लिहून घ्या: खरेदीदाराच्या वकिलाच्या तपासणीत मालकी निर्वेध निघाली नाही, तर इसाराची पूर्ण रक्कम अमुक दिवसांत परत करीन. हे वाक्य लिहायला विक्रेता का-कू करत असेल तर तिथेच थांबा.

ओळखीतले वकील आहेत, पण ते फौजदारी कामं करतात. दुसरा शोधायचा तर चांगला कसा ओळखायचा? पहिल्या भेटीत काय विचारायचं? (एक भगिनी, भुसावळ)

ताई, पहिल्या भेटीत तुम्ही काय विचारता यापेक्षा वकील तुम्हाला काय मागतो ते बघा. जाणकार वकील आधी कागद मागेल: विक्रेत्याचं मूळ खरेदीखत, त्यामागचे दस्त, सातबारा किंवा मिळकत पत्रिका, सगळे फेरफार (नावं बदलल्याच्या महसुली नोंदी), बिनशेती (एन.ए.) आदेश, बांधकाम परवानगी, घरपट्टीची पावती. 'टायटल क्लिअर आहे, मी त्या पार्टीला ओळखतो' असं कागद न बघता म्हणणारा वकील नको.

मग तुमचे प्रश्न. सनद क्रमांक विचारा, महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलचा असतो, विचारण्यात संकोच कसला? मिळकतीच्या जुन्या नोंदींचा शोध किती वर्षांचा घेणार ते विचारा. ३० वर्षांपेक्षा कमी ऐकू नका. गहाण सोडवून घेण्याची मुदत ३० वर्षांची आहे आणि सरकारला आपल्या हक्कासाठी दावा करायलाही ३० वर्षं मिळतात, म्हणून हा आकडा पडला आहे. शोध कोणकोणत्या कार्यालयांत घेणार हेही विचारा. ऑनलाइन शोधात अलीकडच्या, संगणकावर आलेल्या नोंदी दिसतात. त्याआधीची सूची क्रमांक २ (नोंदलेल्या दस्तांची यादी) हातानं लिहिलेल्या पुस्तकांत आहे आणि ती कार्यालयात बसूनच पाहावी लागते. तालुके बदलले तिथे दप्तरही विभागलेलं असतं. धरणगाव पूर्वी एरंडोल तालुक्यात होतं, त्यामुळे तिथल्या मिळकतीचा जुना शोध एरंडोललाही घ्यावा लागतो. ज्याला हे सांगावं लागतं, त्याला आपल्या भागातलं हे काम फारसं माहीत नाही.

लेखी, सहीचा शोध अहवाल देणार का, हे स्पष्ट विचारा. 'निर्वेध व विक्रीयोग्य' एवढं एका पानावर लिहिलेला दाखला काही कामाचा नाही. अहवालात तपासलेल्या प्रत्येक दस्ताचा क्रमांक आणि तारीख हवी, मालकी कोणाकडून कोणाकडे आणि कशी गेली याची सलग साखळी हवी, शोध फीच्या पावतीची प्रत हवी, आणि काय मिळालं नाही तेही हवं. सूचीच्या जुन्या पुस्तकांची पानं फाटलेली, वाळवीनं खाल्लेली असतात. ज्या वर्षांची पानं पाहता आली नाहीत ती वर्षं प्रामाणिक वकील अहवालात नमूद करतो. तसं लिहिलेलं दिसलं की घाबरू नका, ती भोकं दुसऱ्या कागदांनी कशी बुजवली ते विचारा.

आता एक गोष्ट जवळून दाखवतो, कारण वकील कागद वाचतो की नुसता चाळतो हे इथे कळतं. जुन्या गावठाणातल्या घराच्या १९७०च्या आसपासच्या दस्तात चतुःसीमा असते: पूर्वेस सरकारी बोळ, पश्चिमेस रस्ता, उत्तरेस अमुक यांचं धाब्याचं घर, दक्षिणेस तमुक यांची बखळ. पुढच्या दस्तात पूर्वेस बोळाऐवजी शेजाऱ्याची भिंत येते आणि क्षेत्रफळ दोन-अडीचशे चौरस फुटांनी वाढतं. मधल्या काळात बोळ घरात घेतला गेला, असा त्याचा अर्थ. तेवढा भाग विक्रेत्याचा कधी नव्हताच. उद्या नगरपालिकेनं तो मोकळा करायला सांगितला तर जिना किंवा न्हाणीघर पाडावं लागेल, आणि पैसे तर तुम्ही पूर्ण क्षेत्राचे दिलेले असतील. हा फरक दोन दस्त शेजारी ठेवून वाचणाऱ्यालाच सापडतो. म्हणून वकिलाला थेट विचारा: 'चतुःसीमा प्रत्येक दस्तात जुळल्या का?' आणि उत्तर कागदावर बोट ठेवून घ्या. शंका असेल तर नगर भूमापन किंवा भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून 'क' प्रत (मोजणीचा नकाशा) मागवावी.

शेवटचा प्रश्न: विक्रेत्याचंही काम तुम्हीच बघताय का? उत्तर 'हो' आलं तर आभार मानून उठा. दोघांचा मिळून एक वकील केला की फी वाचते खरी. पण इसार परत करण्याची अट, ताब्याची तारीख, जुनी थकबाकी यांवर दोघांचं हित उलटं असतं, तिथे तो कोणाच्या बाजूनं बोलणार?

गृहकर्ज मंजूर झालंय. बँकेच्या पॅनलवरच्या वकिलानं सर्च घेतला, त्याची फी मीच भरली. तरी वेगळा वकील लागेल का? (एक वाचक, अमळनेर)

लागेल. फी तुम्ही भरलीत, पण तो अहवाल बँकेसाठी आहे. आपलं कर्ज या तारणातून वसूल होईल का, एवढंच बँकेला पाहायचं असतं. काही वित्तसंस्थांना १३ वर्षांचा शोधही पुरतो. ताबा कधी, भाडेकरू बसलाय का, महावितरणची आणि घरपट्टीची थकबाकी कोण भरणार, विक्रेता फिरला तर काय, हे साठेखतातले (खरेदीखताआधीच्या करारातले) मुद्दे बँकेच्या वकिलाच्या कामात येत नाहीत.

बँकेकडून अहवालाची प्रत मात्र मागा. मिळाली तर तुमच्या वकिलाचं निम्मं काम हलकं होईल आणि त्या प्रमाणात फी कमी करायला सांगता येईल.

आपल्याकडे पतसंस्थांची कर्जं मोठ्या प्रमाणात झाली आहेत, म्हणून इथे जादा सावध राहा. विक्रेत्यानं स्वतः कर्ज काढलं नसेल, पण तो कोणाला जामीन राहिला असेल तर? सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघाला की जामीनदाराच्या मिळकतीवरही जप्ती येते. हे सूचीत दिसेलच असं नाही. सातबाऱ्याच्या इतर हक्कात किंवा मिळकत पत्रिकेवर बोजा आहे का, वि.का. (विविध कार्यकारी) सोसायटीचा बेबाकी (थकबाकी नसल्याचा) दाखला आहे का, सरसाईच्या (कर्जासाठी तारण ठेवलेल्या मिळकतींच्या केंद्रीय) नोंदवहीत गहाण दिसतं का, ई-कोर्टवर विक्रेत्याच्या नावानं दावा आहे का, प्रांताकडे फेरफाराविरुद्ध अपील आहे का, हे सगळं तुमच्या वकिलानं पाहायचं. मूळ खरेदीखत डोळ्यांनी बघा, झेरॉक्सवर भागवू नका. 'मूळ प्रत गावी आहे' असं दुसऱ्यांदा ऐकलंत, तर ती एखाद्या पतसंस्थेच्या कपाटात नाही याची खात्री झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. स्थानिक वर्तमानपत्रात १५ दिवसांची जाहीर नोटीस वकिलाच्या नावानं द्या. न सांगितलेले हिस्सेदार आणि सावकार बऱ्याचदा त्या नोटिशीनंच समोर येतात.

धुळ्यात गल्लीतलं वडिलांचं घर आम्ही दोघं भाऊ विकतोय. वडील वारले, उताऱ्यावर आमची दोघांची नावं लागली. दोन बहिणी आहेत, त्यांनी तोंडी हक्क सोडलाय. विकणाऱ्यालाही वकील लागतो का? (एक वाचक, धुळे)

तुमच्या बाबतीत खरेदीदारापेक्षा तुम्हालाच जास्त लागतो.

घर वडिलांनी स्वतः घेतलेलं असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे १९५६ पासूनच मुलगे, मुली, पत्नी आणि हयात असल्यास आई, सगळ्यांचा सारखा वाटा आहे. घर वडिलोपार्जित असेल तर ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीनं मुलगी जन्मानं हिस्सेदार ठरली. वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. उताऱ्यावर फक्त भावांची नावं लागली म्हणून बहिणींचा हक्क जात नाही. उतारा आणि फेरफार कर वसुलीसाठी असतात, त्यांनी मालकी ठरत नाही.

तोंडी हक्क सोडला याला कायद्यात किंमत नाही. हक्कसोडपत्र नोंदणीकृतच लागतं. दुसरा सोपा मार्ग म्हणजे बहिणींनीही खरेदीखतात लिहून देणार म्हणून सही करायची आणि त्यांच्या वाट्याची रक्कम त्यांच्या खात्यात चेकनं जायची. आम्हाला हा दुसरा मार्ग बरा वाटतो. बहिणीला तिचा वाटा मिळतो, आणि दहा वर्षांनी 'माझ्याकडून सही फसवून घेतली' असा दावा उभा राहत नाही. बहिणी मनापासून हक्क सोडत असतील तर तो त्यांचा निर्णय. पण कागदावर काय लिहिलंय आणि वाट्याची किंमत किती होते, हे वकिलानं त्यांना समोर बसवून सांगितलं पाहिजे. भाऊबीजेच्या ताटावर घेतलेला शब्द नोंदणी कार्यालयात चालत नाही.

एखादी बहीण वारली असेल तर तिचे वारस येतात. त्यात कोणी १८ वर्षांखालचं असेल तर त्याचा वाटा विकायला जिल्हा न्यायालयाची परवानगी आधी काढावी. ती नसेल तर तो मुलगा सज्ञान झाल्यावर ३ वर्षांच्या आत व्यवहार रद्द करून मागू शकतो, आणि तुम्ही पैसे खर्च करून बसलेले असाल.

विक्रेत्याच्या वकिलानं आणखी दोन गोष्टी सांभाळायच्या. ताबा पूर्ण रक्कम खात्यात आल्यावरच द्यायचा. साठेखत करून ताबा आधी दिला तर शुल्क खरेदीखताइतकं लागतं आणि खरेदीदाराला घराबाहेर काढणं अवघड होतं. दुसरं, दस्तात 'कोणताही बोजा वा दावा निघाल्यास लिहून देणार जबाबदार' हे कलम येणारच, तेव्हा जे माहीत आहे ते आधीच उघड करा. लपवलेलं निघालं तर भरपाई तुमच्या खिशातून जाते. भांडवली नफ्यावरच्या कराचं गणित मात्र वकिलाकडून नको, सौद्याच्या आधी सीएकडून करून घ्या. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर खरेदीदार १ टक्का टीडीएस कापून उरलेली रक्कम देईल, ते धरून चाला.

शहाद्याजवळ एन.ए. प्लॉट बघितलाय, भाव बराच कमी आहे. लेआउट छापील आहे, बिनशेती आदेशही दाखवतात. वकील काय वेगळं बघेल? (एक वाचक, शहादा)

तुमच्या भागात पहिला प्रश्न जमीन मुळात कोणाची होती, हा. नंदुरबार जिल्हा, शिरपूर, साक्री, चोपडा, यावल, रावेर इथे आदिवासी खातेदारांच्या जमिनी बऱ्याच आहेत. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे १९७४ पासून आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. आज विकणारा कोण आहे यावर थांबू नका, मागच्या प्रत्येक मालकाकडे जमीन कशी आली ते पाहा. दोन हातांपूर्वी परवानगीशिवाय हस्तांतर झालं असेल तर जमीन मूळ खातेदाराकडे परत जाऊ शकते आणि हा कायदा त्यासाठीच केलेला आहे. बिनशेती आदेश हातात आहे म्हणून हा प्रश्न मिटला असं धरू नका. वकील जुने फेरफार गावनमुना सहाच्या वहीतून काढून वाचेल. भाव कमी असण्याचं कारण अनेकदा त्याच पानांत असतं.

मग भोगवटादार वर्ग पाहायचा. वर्ग २ (विक्रीवर सरकारी बंधन असलेली जमीन) असेल, किंवा कूळ कायद्याच्या कलम ४३ चा शेरा (कुळाला मिळालेल्या जमिनीच्या विक्रीवरचं बंधन) असेल, तर कोणाची परवानगी किंवा किती नजराणा (सरकारला भरायची रक्कम) लागतो ते ठरवूनच बोलणी करा.

लेआउट छापील आहे, यात विशेष काही नाही. तात्पुरतं मंजूर आणि अंतिम मंजूर असे दोन नकाशे असतात आणि दोघांत प्लॉटांचे क्रमांक बदलू शकतात. शिक्का-सहीचा अंतिम नकाशा वकिलानं कार्यालयातून मिळवावा आणि तुमचा क्रमांक त्यावर कुठे आहे ते बोटानं दाखवावं. सार्वजनिक खुल्या जागेतले तुकडे प्लॉट म्हणून विकले गेल्याचे प्रकार होतात. शेतातला एक-दोन गुंठ्यांचा तुकडा (१ गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट) 'प्लॉट' म्हणून देत असतील तर तुकडेबंदी कायदा (शेतजमिनीचे लहान तुकडे पाडायला बंदी घालणारा) आडवा येतो का, ते आधी विचारा.

नवीन स्कीममध्ये फ्लॅट बुक करायचाय. बिल्डर म्हणतो करार छापील आहे, वकील दाखवून काही बदलणार नाही. (एक वाचक, पाचोरा)

करार बदलला नाही तरी वाचून घ्यायला काय हरकत आहे? महारेराची (गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्य प्राधिकरणाची) नोंदणी क्रमांकासह तपासा. भूखंड ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा फ्लॅट आठपर्यंत असतील तर रेरा नोंदणीची सक्ती नाही, आणि आपल्याकडच्या अनेक इमारती एवढ्याच असतात. तिथे वकिलाची गरज वाढते. नोंदणीकृत प्रकल्पात साठेखत रजिस्टर झाल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही.

मी सुरतला कारखान्यात आहे. शिंदखेड्याचं घर विकायचंय. चुलतभावाच्या नावानं मुखत्यारपत्र केलं तर चालेल का? (एक वाचक, उधना, सुरत)

चालेल, पण नीट करायला हवं. घर विकण्यासाठीचं मुखत्यारपत्र तुम्ही राहता तिथल्या निबंधकासमोर नोंदवा किंवा साक्षांकित करून घ्या. गुजरातमध्ये लागलेलं मुद्रांक शुल्क महाराष्ट्रापेक्षा कमी असेल, तर कागद महाराष्ट्रात आल्यापासून ३ महिन्यांच्या आत फरक भरावा लागतो. यासाठी शिंदखेड्याचा वकील आधी गाठा आणि मसुदा त्याच्याकडूनच मागवा. सुरतेत केलेला गुजराती छापील नमुना इथे अडतो.

मुखत्यारपत्र एकाच मिळकतीपुरतं ठेवा. गट क्रमांक, क्षेत्र, चतुःसीमा लिहा, आणि किमतीची रक्कम थेट तुमच्या खात्यात येईल अशी अट घाला. भावावर विश्वास असला तरी ही अट असू द्या, त्याच्यावरही उद्या बालंट येणार नाही. आणि घर घेणाऱ्यांसाठीही एक गोष्ट: नुसतं मुखत्यारपत्र आणि ताबा पावती घेऊन घर घेऊ नका. त्यानं मालकी मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्येच सांगितलंय. शिवाय लिहून देणारा वारला की साधं मुखत्यारपत्र त्याच्याबरोबर संपतं.

वकिलाची फी किती द्यायची? आणि त्यानं चूक केली तर तक्रार कुठे? (एक वाचक, चाळीसगाव)

ठरलेला दर नाही. शोध अहवाल, जाहीर नोटीस, मसुदा आणि नोंदणीला हजर राहणं या चार कामांची वेगवेगळी फी लेखी घ्या, सरकारी खर्च त्यातून बाजूला काढा. नोंदणी फी १ टक्का, कमाल ३०,००० रुपये आहे. मुद्रांक शुल्क महापालिका, नगरपालिका आणि ग्रामपंचायत हद्दीप्रमाणे बदलतं, आणि राहतं घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर १ टक्का सवलत आहे. 'सौदा झाला तरच फी द्या' म्हणणारा वकील टाळा. सौदा मोडा, असा सल्ला देण्याची वेळ आली तर त्याचंच नुकसान होणार असतं.

ग्राहक आयोगाचा रस्ता आता बंद आहे. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा मे २०२४ चा निकाल आहे. गैरवर्तनाची तक्रार बार कौन्सिलकडे करता येते, नुकसानभरपाईसाठी दिवाणी दावा लावावा लागतो. दोन्हीकडे लेखी अहवाल आणि फीची पावती हाच तुमचा पुरावा. वकील बदलायचा असेल तर दिलेल्या कागदांची यादी करून सगळे परत मागा. फी बाकी आहे म्हणून वकिलाला तुमचे कागद अडवून ठेवता येत नाहीत. फीचा वाद त्यानं वेगळा सोडवायचा, तुमचं मूळ खरेदीखत त्यानं त्याच दिवशी द्यायला हवं.